तुकडे

लोटे एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात संगणक आला आणि कारकून रघुवीर घागच्या गळ्यात पडला. गावी बांधावरून त्याच्या चुलत्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती. इथे तसली भाऊबंदकी नको म्हणून त्याने एक प्रोग्रॅम लिहिला आणि प्रत्येक कामगाराच्या नोंदींसाठी त्याच्या नावे डिस्कचा वेगळा तुकडा पाडला. तेव्हापासून संगणक रडतखडत चालायचा.

"तुकडे एक करा," सावंत केमिस्ट सांगून थकले.

"मग भांडणं तुम्हीच निस्तरा," घाग फणकारायचा.

सावंत हेदवीला गावी गेले होते, तिथे फोन नव्हता. त्या दुपारी वीज जाऊन आली. त्याच गडबडीत भागोजी ऑपरेटरच्या अंगावर पिंप फुटलं. दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला, "पिंपात काय होतं? कळल्याशिवाय उतारा कसला देऊ?"

ते मिश्रण सावंतांच्या तुकड्यात नोंदलेलं होतं. पण वीज गेली की एकूणएक तुकडा तपासल्याशिवाय संगणक उघडत नसे. घाग पडद्याला डोळे लावून बसला. एकेक नाव सावकाश सरकत होतं.

फोन पुन्हा वाजला. "राहू दे आता," डॉक्टर म्हणाले.

घागने रिसीव्हर ठेवला. पडद्यावर भागोजीचं नाव आलं होतं. पुढे लिहिलं होतं, बिघाड नाही.