रंगाचे नऊ स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे. तुमच्या कंपासपेटीतला नव्हे. चांगला खाटेएवढा, साखळ्यांनी टांगलेला. वणीजवळ कोळसा स्वच्छ करण्याच्या एका कारखान्यात माझ्याखालून पट्टा धावतो. पट्ट्यावर पिठासारखा बारीक कोळसा असतो. त्यात यंत्रांचा लोखंडी कीस आणि लोह असलेल्या दगडाचा चुरा मिसळलेला असतो. काळ्यात काळे, माणसाच्या डोळ्याला ते ओळखू येत नाही. मला ओळखावे लागतच नाही. कीस आपणच उडी मारून मला चिकटतो आणि कोळसा पुढे जातो.

माझा सांभाळ हिरासिंगांकडे. दर पाळीला ते चिकटलेला कीस काढून टाकत. खंडेनवमीला मला हार घालत आणि बसलेल्या काजळीवरूनच लाल ऑइलपेंटचा जाड हात देत. "राजा आहे हा आपला," असे सर्वांना सांगत. नऊ वर्षांत नऊ हात चढले. मीही मिरवलो. पण हळूहळू बारीक कीस माझ्या हातून निसटू लागला.

सलग दोनदा कोळशाचा नमुना नापास झाला. साहेब म्हणाले, "चुंबक म्हातारा झाला. सोमवारी भंगारात काढा." त्या दिवशी हिरासिंगांनी जेवणाचा डबा तसाच परत नेला. माझी ताकद कुठेच गेली नव्हती. पण सांगू कसे?

शनिवारी पट्टा बंद असताना प्रयोगशाळेतल्या विजयमालाताई आल्या. साखळी घासून माझ्या एका कोपऱ्याचा रंग उडाला होता. त्यांनी कागदावर चिमूटभर कीस घेऊन रंगाखाली धरला. अर्धा कागदावरच राहिला. मग उघड्या कोपऱ्याखाली धरला. कागद कोरा!

"हिरासिंगभाऊ, याले दर साली काय घालून राह्यले तुमी?"

"रंग. काहून?"

"रंग नाही, स्वेटर! नऊ स्वेटर घातल्यावर हा हात कसा बाहेर काढन?"

हिरासिंगांनी उघड्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. "म्हंजे मीच बिघडवलं याले?"

"लाड केले, भाऊ. चाला, उतरवा आता."

रविवारी हिरासिंग घरून पितळी सराटा, म्हणजे स्वयंपाकाचे उलथणे, घेऊन आले. लोखंडी असता तर मी सोडलाच नसता! थरामागून थर खरवडले. संध्याकाळी नऊ वर्षांपूर्वीचा मी पुन्हा उजेडात आलो.

सोमवारी नमुना पास झाला. भंगाराची गाडी दारातून रिकामी परत गेली.

यंदाच्या खंडेनवमीला हिरासिंगांनी हार साखळीला बांधला आणि हातात कोरडे फडके घेतले. "राजा, औंदा नवा कपडा नाही. फक्त आंघोळ."

मित्रांनो, तुमच्या घरचे एखादे जुने यंत्र मंदावले, तर त्याला म्हातारे म्हणू नका. आधी त्याचे अंग पुसून पाहा. आणि माझ्याकडे याल तेव्हा खिशातल्या किल्ल्या घट्ट धरा.