माझ्याकडून आलेलं

शोलाच्या, हलक्या भेंडाच्या पांढऱ्या मुकुटाची एक पाकळी दुमडली होती, सुतपा ती नखाने सरळ करत होती — खिडकीपासून लांब, कारण ऊन तिला चालत नाही. ऊन लागलं की गाल पेटतात, बोटांचे सांधे धरतात, ल्युपस... लग्नानंतर कळलेलं. पलीकडे, उजेडात, नणंद बुलबुल सुतपाच्या लेकीला, पुटीला, मांडीवर घेऊन कपाळावर चंदनाचे ठिपके काढत होती. आज पुटीचा पहिला भात, उष्टावण.

"नाक बघा, थेट पिशीचं, आत्याचं," सासू म्हणाली. "हनुवटीसुद्धा."

"हट्टही पिशीचाच निघू दे," बुलबुल म्हणाली, "म्हणजे दादाला कळेल."

नाक, हनुवटी, झोपेत ओठ मुडपणं — सगळी वाटणी होऊन गेली होती. सुतपाच्या वाट्याला फक्त डोळ्यांभोवतीची लाल कडी, जन्मापासूनची, चष्म्यासारखी. तिच्या रक्तातलं, पोटातल्या पोटात लेकीत उतरलेलं. ते हृदयापर्यंत पोचलं तर ठोका मंदावतो, असं डॉक्टर म्हणाले होते... पुन्हापुन्हा जाऊन पडायचं त्या टेबलावर, पोटावर गार जेल, आणि मी तिचे ठोके ऐकत राहायची, काही नको माझं तिच्यात, रंग नको, रूप नको, नुसतं धावू दे ते. धावलं. उरले होते ते फक्त हे डाग.

"बौदी, डाग गेले की गं." बुलबुलने पुटीचं तोंड खिडकीकडे वळवलं. "चंद्र झालाय नुसता."

"उन्हात धरू नकोस."

"आता कसलं ऊन? तुझं जे तिच्या रक्तात होतं ते निघून गेलं की ती मोकळी, डॉक्टरच म्हणाले ना."

मोकळी — माझ्यापासून.

सुतपा उठली, पुटीला जवळजवळ ओढूनच घेतलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात अजून एक फिकट गुलाबी रेघ.

"इथे आहे."

सासू वाकली. "कुठे? काही नाही, बौमा."

"आहे."

"घाबरू नकोस," बुलबुल हळूच म्हणाली, "जाईल तेही."

त्यांना ती काळजी वाटली. वाटू दे. सुतपाने अंगठा त्या रेघेवर ठेवला, पुसायला नाही, पाहुण्यांच्या नजरेपासून झाकायलाही नाही... नुसता ठेवला, आपल्या वस्तूवर ठेवावा तसा. अंगणात शंख वाजला, पायेशची, तांदळाच्या खिरीची वाटी आली, बुलबुलने पुटीसाठी हात पुढे केले. जाऊ दे, ती मनात म्हणायला गेली, जाऊ दे ते, आणि मनातल्या मनातही तिला ते म्हणता येईना.