पूर्वेच्या काठावरून मोजलेली विहीर

मी एक जुनी दगडी विहीर आहे. माझ्यात वाकून बघणाऱ्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. मित्रांनो, त्याला कारण आहे.

पाथरवटांनी मला तीस हात खोल बांधले. गाळ उपसणाऱ्याला उभे राहता यावे म्हणून त्यांनी पूर्वेच्या भिंतीत, अठरा हातांवर, एक रुंद टप्पा सोडला. बंगल्याची बाग, गोठा, स्वयंपाकघर, साऱ्यांना मी तीन पिढ्या पाणी दिले. पाहुणे माझ्या पाण्याचे कौतुक करत. मग नळ आले. काठावर वेली माजल्या, आतले दिसेनासे झाले. फक्त माळीणबाई पश्चिमेच्या रहाटावरून रोपांसाठी पाणी शेंदत राहिली.

एका सकाळी बंगल्याचा मॅनेजर मोजणीवाल्याला घेऊन आला. माझ्या जागी गाड्यांची शेड व्हायची होती. मोजणीवाला रहाटाकडे निघाला, तर मॅनेजरने त्याचा दंड धरला.

"इकडून मोजा. तिकडे निसरडं आहे."

तिकडे निसरडे नव्हते. मी सावध झाले.

दोरीच्या टोकाला बांधलेले शिसे टप्प्यावर आपटले आणि कोरडेच वर गेले.

"अठरा हात. ठणठणीत कोरडी," मोजणीवाल्याने लिहून घेतले.

"मग बुजवायला हरकत नाही," मॅनेजर जरा घाईनेच म्हणाला. दगडमातीने भरलेला ट्रॅक्टर फाटकात उभाच होता. तो मोजणीआधी का बोलावला, हे मला अजून कळलेले नाही.

इतक्यात माळीणबाई कळशी घेऊन आली.

"कोरडी? मग मी रोज काय शेंदते, तुमची अक्कल?"

"मावशी, कागदावर कोरडी आहे," मोजणीवाला म्हणाला.

"मग रोपांना कागदच घाला."

तिने मोजणीवाल्याच्या हातातली दोरी घेतली आणि रहाटापाशी जाऊन सोडली. अठरा हात झाले, वीस झाले. चोविसाव्या हाताला पाणी वाजले. ओले शिसे तिने त्याच्या वहीवर ठेवले.

"आत टप्पा आहे, हे सांगितलं नाहीत," मोजणीवाला मॅनेजरला म्हणाला.

"मला तरी कुठे ठाऊक होतं?"

मागच्या खेपेला गाळ काढला, तेव्हा त्याच टप्प्यावर उभा राहून हाच मॅनेजर मजुरांना हुकूम सोडत होता.

ट्रॅक्टर भरलेलाच परत गेला. मॅनेजर मात्र अजून माझ्याभोवती फिरतो आणि पावलांनी जागा मोजतो.

मित्रांनो, विहिरीत कचरा टाकू नका, काठ साफ ठेवा. आणि कुणी विहीर आटली म्हणाले, तर मान डोलावण्याआधी विचारा, दोरी कुठून सोडली होती?