दुपारचे टाके

मी एक जुनी लाकडी चौकट आहे, मित्रांनो. फोटो लावायची नव्हे, दाराचीही नव्हे. जाळीचं कापड ताणून बसवायचं आणि त्याच्या भोकाभोकांतून लोकर भरत चित्र उभं करायचं, त्या कामाची चौकट. सोलापुरात भवानी पेठेत वैजयंतीबाईंचं लोकर-दोऱ्याचं दुकान आहे. तिथे मागच्या भिंतीशी एक गादी घातलेली असते आणि त्या गादीवर बसणाऱ्या बायकांच्या मांडीला टेकून मी उभी असते. भुताखेतांच्या गोष्टी सांगायची मला हौस नाही. पण जे माझ्या अंगावर घडलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

जन्माने मी हातमागाचा तुकडा. तो माग ज्या घरात होता तिथली खटखट बंद पडली, माग मोडीत निघाला, आणि गुरप्पा सुताराने त्यातली बरी लाकडं निवडून मला घडवलं. "ताण सोसलेलं लाकूड हाय बाई, वाकायचं न्हाय," असं तो वैजयंतीबाईंना म्हणाला होता. स्तुती कुणाला आवडत नाही? तेव्हापासून ढिलं काम मला खपत नाही. कुणी कापड सैल बसवलं की मी मुद्दाम करकरते.

दुपारी जेवणाच्या वेळी दुकानाचं शटर खाली येतं आणि उन्हं कलली की उघडतं. मग बायका जमतात. कुणी चुकलेला नमुना घेऊन येते, कुणी नुसतीच सुनेची गाऱ्हाणी घेऊन. त्यांची एक रीत आहे. काम दाखवायला आणलं की पुढून कुणी बघत नाही, आधी उलटं करतात. पुढून सगळ्यांचे टाके सारखेच दिसतात हो, माणूस कळतं ते मागून. वैजयंतीबाईंची मागची बाजू म्हणजे दिवाळीच्या आधीचं घर, सगळा पसारा. रोज येणाऱ्या सुगराबी गाठ मारतच नाहीत, धाग्याचं शेपूट टाक्यांखालून सरकवून गप्प बसवतात. आणि काशम्मा. ती विणकरांच्या घरातली. मागावरच्या ताण्याचा तुटलेला धागा सांधताना विणकर जी बारीक गाठ मारतात, तीच ती लोकरीलाही मारायची. दुकानात तशी गाठ दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

काशम्माने जन्मभर विड्या वळल्या. नवरा लवकर गेला, एकच मुलगी पूनम, तिला विड्यांवरच वाढवलं आणि शिकवलं. त्यामुळे रिकामे हात कसे ठेवायचे हे त्या बाईला ठाऊकच नव्हतं. चहा आला तरी कप गुडघ्याशी ठेवून ती आणखी एक टाका घालायची आणि चहा निवायचा. सगळ्याजणी तिला हसायच्या, मीही मनात हसायचे.

माझ्यावर तिने स्वतःच्या घराचं चित्र घेतलं होतं. निळं दार, दगडी पायरी आणि पायरीवर बसलेली पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी. ती मुलगी म्हणजे लहानपणीची पूनम. "पोरगी शेवटाला भरते की. तिला घाई नको," असं ती म्हणायची. दार भरून झालं, पायरी झाली. मुलगी नुसती पेन्सिलीची रेघ होती. एका संध्याकाळी काशम्माने पिवळी लोकर ओवली, सुई माझ्या कापडात टोचून ठेवली आणि घरी गेली. रात्रीत तिची छाती भरून आली आणि ती गेली.

वैजयंतीबाईंनी पूनमला दुकानात कामाला ठेवून घेतलं. पूनम लोकर विकायची, शटर उघडायची, लावायची, पण सुईला हात लावायची नाही. ते कापड माझ्यावरून उतरवायचा धीर कुणालाच होईना. माझ्यावर धूळ बसली. ज्या चौकटीसाठी एकेकाळी बायका नंबर लावत होत्या, तिच्याकडे आता कुणी बघेना. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शटर बंद होतं आणि आत मी एकटी होते. तेवढ्यात कापडातली सुई हलली.

आधी वाटलं, उन्हाने लाकूड तडकलं असेल. पण सुई बाहेर निघाली, वळली आणि पिवळा धागा घेऊन भोकातून खाली गेली. मित्रांनो, भरणारी बाई आधी माझ्यावर मनगट टेकते. तिचा घाम लागतो, बांगडी खडखडते. इथे काहीच टेकलं नाही. नुसता धागा ओढला गेला आणि जेवढा हवा तेवढाच ताणला गेला. मी भ्याले. लाकडाला कसली भीती, म्हणाल. रिकाम्या खोलीत आपल्या अंगावर कुणीतरी काम करतंय आणि ते कुणीतरी दिसत नाही, मग कळतं कसली ते.

शटर उघडलं तेव्हा पायरीवर पिवळ्या फ्रॉकची कड आली होती. वैजयंतीबाईंनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, पूनमने सुई धरली. पोर लाजेल म्हणून त्या बोलल्या नाहीत. सुगराबींना वाटलं, वैजयंतीबाईंनी मनावर घेतलं. त्याही बोलल्या नाहीत. एका चौकटीवर चार हात फिरायची सवय झाली की असंच होतं. काम पुढे सरकलेलं दिसतं आणि जी ती दुसरीचं समजते.

पूनम मात्र संध्याकाळी सगळ्या गेल्यावर माझ्याजवळ आली. तिने मला उलटं केलं. मागे ती बारीक गाठ होती. तिने गाठीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "अम्मा."

ती घाबरली नाही. मित्रांनो, मला तिचीच भीती जास्त वाटली. रोज दुपारी शटर लावताना ती माझ्याशेजारी स्टीलच्या पेल्यात चहा ठेवून जाऊ लागली. फ्रॉक भरत आला. बाह्या झाल्या, हात झाले. नुसता चेहरा उरला, त्या संध्याकाळी पूनमने कातर घेतली आणि सगळी मुलगी उसवून टाकली.

दुसऱ्या दुपारी सुई पुन्हा फ्रॉकच्या कडेपासून लागली. संध्याकाळी पूनमने पुन्हा उसवलं. दिवसा मुलगी पायरीवर येऊ लागायची आणि दिवेलागणीला नाहीशी व्हायची. बाकीच्यांना वाटायचं, दुसरीला मनासारखं जमत नाही म्हणून ती उसवतेय. रोज उसवून तिथली जाळी फाकली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे टाके बिघडू लागले. सुई मध्येच थांबायची. धागा ओढताना थरथरायचा. जन्मात जिचा टाका तिरका गेला नाही, तिचे टाके आता शेजारच्या भोकात जात होते. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण चौकटीला तोंड कुठलं? मी नुसती करकरत राहिले.

एका संध्याकाळी सुगराबी चष्मा विसरल्या म्हणून परत आल्या. पूनम कातर घेऊन बसली होती.

"काय करालीस गं पूनम?"

सुगराबींनी मला ओढून घेतलं आणि उलटं केलं. मग गादीवर बसल्या.

"ही गाठ तर काशम्माची हाय."

"व्हय, खाला."

"कवापासनं?"

"उन्हाळा लागल्यापासनं. दुपारी येतीया." पूनमचा आवाज अगदी साधा होता. "पुरं झालं तर येणार न्हाय की. म्हणून उसवते."

सुगराबींनी तिला भीती घातली नाही आणि समजूतही काढली नाही. त्यांनी तिचं बोट धरलं आणि त्या वाकड्या टाक्यांवर फिरवलं.

"हे बघ. हात थरथरालाय तिचा. लई दमलीया ती. जन्मभर तुझ्यासाठी विड्या वळल्या तिनं. आता मेल्यावर बी कामालाच लावलीस व्हय तिला?"

पूनमने कातर खाली ठेवली. मग तिला रडू फुटलं. आई गेली त्या दिवशीसुद्धा ती तशी रडली नव्हती, असं सुगराबी नंतर वैजयंतीबाईंना सांगत होत्या.

दुसऱ्या दुपारी पूनम घरी जेवायला गेली नाही. तिने आतून शटर ओढून घेतलं आणि ती माझ्यासमोर येऊन बसली. सुई हलली. उरलेला फ्रॉक पुरा झाला, हात झाले, फार सावकाश. चेहऱ्याचे पहिले काही टाके पडले आणि सुई कापडातून अर्धी वर येऊन थांबली. खाली जाईना, वर येईना. पूनमने हात पुढे केला आणि ती धरली.

"उरलेलं मी करते, अम्मा. तू बस."

तिचे टाके भयंकर होते. एक लांब, एक आखूड, एक भलत्याच दिशेला. मला ढिलं काम खपत नाही हे मी सांगितलंच आहे, पण त्या दिवशी मी हूं की चूं केलं नाही. पूनम भरत असताना तिच्या शेजारची गादी हळूहळू खाली दबली, म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून बसतं तशी. पूनमला ते कळलं. तिने मान वळवली नाही, फक्त थोडी सरकून जागा करून दिली. शेवटचा टाका झाला आणि बाहेर वैजयंतीबाईंनी शटर वाजवलं, तेव्हा गादी परत सपाट झाली होती.

पूनमने ते चित्र घरी नेलं. पायरीवरच्या मुलीचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे. माझ्यावर आता दुसऱ्या कुणाचा तरी पोपट चढला आहे. दुपारी दुकान बंद असतं आणि आत काहीही हलत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटात कुणाचा तरी अर्धा स्वेटर सुयांसकट पडला असेल. तो बाहेर काढा आणि पुरा करा. वाकडा झाला तर होऊ दे. जन्मभर राबलेल्या माणसांना आपण होऊन थांबता येत नाही. कुणीतरी त्यांच्या हातातलं काम काढून घ्यावं लागतं आणि "तू बस" म्हणावं लागतं. माझं ऐकाल तर त्यासाठी ते माणूस जायची वाट बघू नका. आत्ता तुम्ही हे वाचत बसला आहात आणि आत स्वयंपाकघरात कुणीतरी उभं आहे. आधी तिकडे जा.