प्रायमर न लावलेला बंपर

"आण रे, रंगवून देतो," म्हणून दादा दोन आठवडे मागे लागला होता. अखेर धाकट्यानं आपल्या गाडीचा बंपर मागच्या ओट्यावर आणून टेकवला. "नुसता वरून एक हात मार दादा, घासत नको बसूस."

गाड्या रंगवण्यात दादाची हयात गेलेली. बंपर बघून त्याला हसूच फुटलं. कोपऱ्यावर स्प्रेच्या डब्यानं फवारा मारलेला, तोही प्रायमर न लावता! "अरे शहाण्या, पेंटरचा भाऊ ना तू? प्लास्टिकवर असा रंग धरत नाही, हे आपल्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे."

धाकटा कसनुसा हसला आणि वहिनीची विचारपूस करायला आत गेला. तीन महिन्यांपूर्वी तिच्या स्कूटरला धडक देऊन कुणीतरी पसार झालं होतं. मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून दिराची एक फेरी चुकली नव्हती. दीर असावा तर असा, असं दादा चारचौघांत सांगायचा. आणि तो हरामखोर सापडावा म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा बंपर वाकून बघायचा, एक घरचा सोडून. कोपऱ्यावरच्या शिंप्यावर तर त्यानं नुसत्या संशयावरून हात उगारला होता.

दादानं बंपर साबणानं धुतला, पॉलिश पेपर ओला करून घासायला घेतला. डब्याचा रंग कांद्याच्या सालीसारखा सुटून आला. खाली खोल ओरखडा, आणि त्यात जांभळा रंग.

त्याचा हात थांबला. जांभळ्यात चंदेरी पूड कालवून हा रंग त्यानं स्वतः बनवला होता, बायकोच्या स्कूटरसाठी. बाजारात मिळणारा नव्हेच. देवा, चूक माझीच असू दे, म्हणत त्यानं थिनरचा बोळा फिरवला. बोळ्यालाही तोच जांभळा लागला.

बंपर उचलून तो तसाच आत गेला. "हे काय आहे रे?"

धाकट्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "घाबरलो दादा. पळालो. पण दुसऱ्याच दिवशी वहिनीपुढे कबूल केलं."

दादानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही त्याला उभा चिरला असता हो. सख्खा भाऊ तुटला असता."

"आणि मी? गावभर वेड्यासारखा फिरत होतो, ते बघवलं तुला? रोज संध्याकाळी विचारायचीस, 'काही पत्ता लागला का?'"

ती रडायला लागली. भावाचा राग आला होता, पण हे त्याच्या काळजात घुसलं. त्यानं बंपर धाकट्याच्या पुढ्यात टाकला. "जसा आहे तसा लाव."

तिची चालण्याची वेळ झाली होती. रोज दादाच्या खांद्यावर भार टाकून ती अंगणात दहा फेऱ्या घालायची. सवयीनं तिनं हात पुढे केला.

दादानं धाकट्याकडे बोट दाखवलं. "त्याला सांग," म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.