पांजणी उरकेपर्यंत

“तोंड मिट आन् कुंचा चालव!” मी गुंडूवर खेकसलो.

तो जवळ येऊन “अण्णा, जरा...” एवढंच म्हणाला होता. पण पांजणीत मध्ये बोललेलं मला खपत नसे, आणि शहापुरातली आमची सगळी गल्ली हे जाणून होती. सकाळी ऊन तापायच्या आत मागावर चढवायचा ताणा गल्लीभर ताणायचा, त्या लांब धाग्यांना खळ लावायची आणि ती सुकेपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत राहायचं. हात थांबला की धागा धाग्याला चिकटलाच, सगळं मातीमोल. त्यात युद्धामुळे सूत मिळत नव्हतं. दोन महिन्यांनी हे एवढं हाती आलेलं, आणि पाच घरांचे माग त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. माझ्या हाताखाली आठ माणसं. मी नुसतं खाकरलं तरी ती ताठ व्हायची. खोटं कशाला सांगू, मला त्याचा मोठा अभिमान होता.

घरी माझी बायको जयाबाई चार दिवस तापानं पडून होती. मी निघताना तिनं पाणी मागितलं. “आक्का दील,” म्हणालो आणि बाहेर पडलो. आक्का म्हणजे अक्काताई, माझी थोरली बहीण.

गुंडूला गप्प केल्यावर थोड्या वेळानं तीच गल्लीच्या तोंडाशी दिसली. मी लांबूनच हात उडवला, जा म्हणून. ती त्या टोकाला कुंचा चालवणाऱ्या भरमूशी काहीतरी बोलली, पदर तोंडाला लावला आणि वळली. मला वाटलं, घरात साखर संपली असेल. बायकांना नेमकी हीच वेळ सापडते!

ताणा मात्र असा उतरला म्हणता! एक धागा तुटला नाही. गुंडाळून झाल्यावर मी हात झटकले.

“शाब्बास रं पठ्ठ्यांनो!”

कुणी हसलं नाही. कुणी विडी पेटवली नाही. भरमू, परशराम, सगळे खाली बघत उभे.

“काय रं, जीभ गिळलासा काय?”

शेवटी गुंडूच पुढं आला. “अण्णा, वैनी गेल्या.”

“कुठं गेली?” मी विचारलं. देवाशपथ, मी असंच विचारलं.

गुंडूनं डोक्यावरची टोपी काढली. मग मला कळलं. मी समोरच्या ओट्यावर बसलो.

“कवा?”

“आक्का दुसऱ्यांदा आलत्या, ते हेच सांगाय. पयल्यांदा आलत्या तवा जीव हुता, नुसती धाप लागलती. तेच सांगाय मी जवळ आलतो.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“तुमी बोलू कुठं दिलासा?”

मी कपाळावर मारून घ्यायला हात उचलला. गुंडूनं चटकन दोन्ही हात तोंडासमोर धरले. चाळिशीचा बाप्या, तीन लेकरांचा बाप! त्याला वाटलं, मी मारणार. मारलं नव्हतं का आधी? मारलं होतं. दोनदा, चारचौघांत.

घरी पोचलो तेव्हा अक्काताई जयाबाईच्या उशाशी बसली होती.

“मला हाताला धरून न्यायचं हुतंस गं आक्का!”

“तिनंच माझा हात धरला, बसवंता. म्हणाली, पांजणी उरकू द्या, मधी बोलवलं तर लई चिडतील. तरीबी मी दोनदा आलतो रं. तू लांबूनच हात उडवलास.”

अरे देवा! दम लागलेल्या बाईला मरणाचं भय नाही, माझ्या रागाचं भय! बावीस वर्षांचा संसार. माणसं आपल्याला मानतात म्हणून गप्प बसतात, असं मी आजवर समजत होतो. ती सगळी मला भीत होती. घरातलीसुद्धा. आग लागो त्या मोठेपणाला.

दारात गल्ली जमली. पुढची तयारी करायची, पण एकजण हलेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी हुकूम सोडीन म्हणून.

“गुंडू,” मी कसाबसा म्हणालो, “आज तू सांग.”

त्यानं एकदा माझ्याकडे बघून घेतलं. “भरमू, बांबू बघ जा. परशराम, तू वडगावला वैनींच्या म्हायेरी सांगून ये.” मग तो माझ्याकडे वळला. “अण्णा, भाईर चला. बायकास्नी वैनींला आंघोळ घालायची हाय.”

मी उठलो आणि त्याच्या मागून बाहेर गेलो.