बुर्साला जायचं तर सोनईवरून

रविवार, २ एप्रिल १९७२. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पुष्पावती निमसे सोनईच्या शिवारातील निमसे वस्तीवर पोचल्या. नगरची एसटी त्यांनी फाट्यावर सोडली होती आणि पुढचा दीड मैल त्या चालत आल्या होत्या. हे त्यांचे सासर. इथून त्या निघाल्या त्याला तेवीस वर्षे झाली होती.

पडवीत लंकाबाई गहू निवडत होत्या. पुष्पावतीबाईंच्या नवऱ्याची ही दुसरी बायको. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेले नव्हते, पण ओळख द्यावी लागली नाही.

“वाटनी मागाया आलाव का?” लंकाबाईंनी विचारले.

“वाटणी नको मला. एक सही पाहिजे.”

“वाटनी सहीनंच हुती.”

हे खरेच होते. पुष्पावतीबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पाणी मागितले. लंकाबाईंनी तांब्या दिला, मग मळ्याकडे तोंड करून दोन हाका मारल्या. एक नवऱ्याला, दुसरी भावकीतले वडीलधारे आबासाहेब यांना. आबासाहेब आधी पोचले.

सही कशासाठी हवी, हे सांगणे सोपे नव्हते. पुष्पावतीबाई नगरच्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. वय त्रेचाळीस. दरवर्षी नववीच्या वर्गात त्या एक वाक्य शिकवत: १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले आणि युरोपचे व्यापारी मार्ग बंद झाले. अकरा वर्षांपूर्वी एका मुलीने विचारले होते, “बाई, त्याच्या आधी हे तुर्क कुठं होते? त्यांचं गाव कोणतं?” पुस्तकात उत्तर नव्हते. बाईंनी ते शोधून काढले. सोगुत. डोंगरातले एक खेडे. सुरुवातीला चारशे तंबू होते असे सांगतात. तिथून बुर्सा ही राजधानी, मग इझनिक, मग एदिर्ने. बुर्सात हिरवी कबर नावाची एक इमारत आहे. तिच्या फरशा निळ्या आहेत असे एका पुस्तकात होते, हिरव्या आहेत असे दुसऱ्यात. जाऊन पाहिल्याशिवाय याचा निकाल लागणार नव्हता.

स्वस्तात जाण्याचा मार्ग त्यांनी काढला होता. डिसेंबरच्या युद्धामुळे पाकिस्तानातून जाणारा बसचा रस्ता बंद झाला, तेव्हा मुंबईहून बसऱ्यापर्यंत बोटीच्या डेकवर आणि पुढे बगदाद, मोसुल करत रेल्वेने. शक्य तितक्या रात्री गाडीत काढायच्या, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचतो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक लहान स्टोव्ह. बोट ९ मेची होती. देवीची आणि पटकीची लस टोचून झाली होती. पासपोर्ट तेवढा नव्हता. अर्जात त्यांनी ‘विवाहित’ असे लिहिले होते, कारण कोर्टात कधी काही झालेले नव्हते. अर्ज शेऱ्यासह परत आला: पतीचे ना-हरकत पत्र जोडावे.

हे सगळे त्यांनी पडवीत बसून दोनदा सांगितले.

“म्हंजी कबरी बघाया जायचंय,” आबासाहेब म्हणाले.

“कबरी, मशिदी, जुने हमामखाने.”

“आन् नगरात काय कमी पडल्या? पाय ठिवाया जागा न्हाई कबरींनी. येस्टीच्या तिकिटात काम हुतंय.”

“नगरच्या पाहून झाल्या.”

“समद्या?”

“सगळ्या.”

आबासाहेबांनी विचारले, “तिथं उतरायचं कुनाकडं?”

“कोणाकडे नाही. धर्मशाळा असतात, स्टेशनं असतात.”

“बाईमानूस स्टेशनात झोपनार. कबरी बघन्यासाठी.”

“हो,” पुष्पावतीबाई म्हणाल्या. हा प्रश्न त्यांना नगरमध्ये मुख्याध्यापिकांनी, घरमालकांनी आणि लस टोचणाऱ्या कंपाउंडरने विचारून झाला होता.

एवढ्यात सहादेव निमसे मळ्यातून आले. त्यांनी पाय धुतले, कोणाकडेही न बघता ते खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, “बरं हाय का?” कोणाला विचारले, ते स्पष्ट झाले नाही.

पुष्पावतीबाईंनी पिशवीतून तयार मजकूर काढला आणि वाचायला सुरुवात केली. “मी, सहादेव कोंडाजी निमसे, राहणार सोनई, लिहून देतो की माझी पत्नी सौ. पुष्पावती हिने—”

“थांबा,” लंकाबाई म्हणाल्या. “म्होरं वाचू नका. ‘माझी पत्नी’ म्हंजी कोन?”

“मी.”

“मंग मी कोन?”

आबासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मुंबई इलाख्यात पहिली बायको असताना दुसरी करण्यास बंदी करणारा कायदा १९४६ सालीच झाला होता. सहादेव आणि लंकाबाईंचे लग्न १९५० चे. वस्तीवर हे सर्वांना माहीत होते आणि त्यामुळे आजवर कोणाचे काही अडले नव्हते, कारण ते कुठे लिहिलेले नव्हते.

“बावीस वर्सं ह्या घरात राबले,” लंकाबाई म्हणाल्या. “तीन लेकरं झाली. थोरलीचं लगीन ठरलंय, अधिक सरला की हाय. आन् आता सरकारात कागुद जानार, का ह्यांची बायको नगरला ऱ्हाती. उद्या यिहीनीनं वाचला तर?”

“विहीणबाई माझा अर्ज वाचायला मुंबईला कशाला जातील?”

“कागुद काय एका जागी ऱ्हातो व्हय?”

इतिहासाची शिक्षिका ज्यावर जगत होती ते सगळे कागद एका जागी न राहिलेलेच होते.

“मग मी करू काय?” त्यांचा आवाज चढला. “मला जमीन नको, घर नको, नवरा नको. सुट्टीत पाच आठवडे बाहेर जायचंय, माझ्या पगारात. यांची हरकत नाही एवढंच लिहायचंय. तेवीस वर्षांत यांनी माझ्या कशाला हरकत घेतली?”

“हरकत न्हाईच,” सहादेव जमिनीकडे बघत म्हणाले.

“तुमी गप बसा,” लंकाबाई म्हणाल्या.

वाट आबासाहेबांनी काढली. पत्नीच नाही म्हटले की पतीच्या हरकतीचा प्रश्न मिटतो. भावकीत काडीमोडीची चाल होती: पंचांसमोर नवरा-बायकोने काडी मोडायची, नाते तुटले. त्याची याद, म्हणजे लेखी नोंद, करून द्यायची.

“फकस्त ती काडी एकोनपन्नास साली मोडली असं लिवायचं,” ते म्हणाले. “म्हंजी लंकीचं लगीन बी पक्कं, तुमी बी मोकळ्या.”

“एकोणपन्नास साली कोणी मोडली काडी?”

“मोडली हुती असं म्हनायचं.”

“आणि पंच कोण होते?”

“भिमाजी आन् कानिफनाथ.”

“ते दोघंही वारले ना?”

“म्हनून तर.”

आतल्या खोलीच्या दाराशी, गोधडीवर, सासू गोजरबाई पडून होत्या. त्यांना आता नीट दिसत नसे, पण ऐकू सगळे येई.

“काडीबिडी काय न्हाई मोडली कुनी,” त्या म्हणाल्या. “मीच बशीवलं हिला गाडीत. चार दिस म्हायेरी जाऊन ये म्हनलं.”

“काकी, तुमी पडा जरा,” आबासाहेब म्हणाले.

“पडलेच हाय की. पुष्पे, च्या घेतला का गं?”

पुष्पावतीबाईंनी कागद मांडीवर ठेवला. “आजची तारीख घाला,” त्या म्हणाल्या. “आज काडी मोडा, आजची तारीख घाला, मी आत्ता सही करते.”

“आजची घातली तर लंकीचं लगीन खोटं पडतं.”

“ते मी पाडलेलं नाही. मी पोरींना सनावळ्या शिकवते, आबासाहेब. एका वर्षाची चूक असली तर अर्धा गुण कापते. इथं तेवीस वर्षांची आहे.”

लंकाबाई रडल्या नाहीत. त्यांनी सुपातला गहू पाटीत ओतला, सूप झटकले आणि भिंतीला टेकवून ठेवले.

“आक्का,” त्या म्हणाल्या. “तुमी जाल बोटीनं. जावा. मला हितंच ऱ्हायाचंय.”

पुष्पावतीबाईंनी घड्याळ पाहिले. पाऊण वाजला होता. परतीची एसटी पावणेतीनला होती.

“कागद आणा,” त्या म्हणाल्या.

लिहायला कोणी नव्हते. तलाठी लग्नाला गेला होता, आबासाहेबांचा चष्मा फुटलेला होता आणि सहादेवना सहीपुरतेच येत होते. त्यामुळे पुष्पावतीबाईंनी स्वतःच्या काडीमोडीची याद स्वतःच लिहिली. तिथी आबासाहेबांनी सुचवली: चैत्र शुद्ध अष्टमी, शके १८७१. बाईंनी ती पंचांगात पडताळली नाही. अक्षर वळणदार आले. सह्या झाल्या. लंकाबाईंनी अंगठा केला आणि तो कुठे उमटला ते वाकून पाहिले.

मग आबासाहेबच अडले. “निदान काडी तरी मोडू. अगदीच खोटं नको.”

लंकाबाईंनी पेंढीतून कडब्याचे एक धाट उपसले, हातात धरून पाहिले, त्याचा वीतभर तुकडा तोडला आणि बाकीचे परत पेंढीत खोवले. “लई म्हाग झालाय कडबा,” त्या म्हणाल्या.

तुकड्याचे एक टोक सहादेवच्या हातात, दुसरे पुष्पावतीबाईंच्या. तेव्हा सहादेव त्यांच्याशी म्हणून पहिल्यांदा बोलले.

“चौथ्या दिशी न्यायला येनारच हुतो. बैल बसला.”

“आणि पाचव्या दिवशी?”

“पाचव्याला बी उठला नव्हता.”

“किती दिवस आजारी होता बैल?”

“आठ दिस,” सहादेव म्हणाले. “मंग लाज वाटाया लागली.”

“मोडा,” पुष्पावतीबाई म्हणाल्या.

काडी मोडली. लंकाबाईंनी चहा केला. पुष्पावतीबाईंनी गोजरबाईंचा कप त्यांच्या हातात नीट धरवला, पाया पडल्या आणि निघाल्या. फाट्यापर्यंत सोडायला लंकाबाई आल्या.

“तिकडच्या बाया डोईवरनं पदर घेत्यात का?” लंकाबाईंनी विचारले.

“काही घेतात म्हणे, काही नाही.”

“म्हने कशाला? आता जाताच हाय तर बघून सांगा.”

याद ५ एप्रिलला रजिस्टर टपालाने गेली. २६ एप्रिलला उत्तर आले. मूळ अर्जात अर्जदार विवाहित आहे. जोडलेल्या कागदानुसार विवाह १९४९ सालीच संपुष्टात आला. शाळेच्या सेवापुस्तकात मात्र १९५४ पासून ‘सौ.’ अशी नोंद आहे. यांपैकी खरे काय, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा.

पुष्पावतीबाईंनी खुलाशाचे चार मसुदे केले. घडले तसे लिहावे तर लंकाबाईंचे लग्न जात होते, तेही मुलीच्या लग्नाच्या तोंडावर. याद खरी धरावी तर आपण अठरा वर्षे शाळेत खोटे नाव लावले असा अर्थ होत होता. चारही मसुदे त्यांनी टेबलावर ओळीने मांडले, दोनदा वाचले आणि तीन फाडले. ४ मे रोजी त्यांनी चौथा पाठवला. त्यात दोनच वाक्ये होती: याद बरोबर आहे. अर्जातील आणि सेवापुस्तकातील नोंद ही माझी चूक आहे.

बोट ९ मे रोजी सुटली. मुंबईतल्या वर्तमानपत्रात बंदराच्या रकान्यात तिचे नाव होते. दुसऱ्या दिवशी पुष्पावतीबाईंनी तो अंक शाळेच्या वाचनालयात वाचला.

सहादेव आणि लंकाबाईंच्या थोरल्या मुलीचे लग्न २८ मे रोजी सोनईत झाले. पुष्पावतीबाईंना पत्रिका आली होती. पाठोपाठ आबासाहेबांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेले कार्डही आले: काडीमोड झालेल्या बाईने मांडवात येणे भावकीत बरे दिसत नाही, तरी राग नसावा. कार्ड वाचून त्या मोठ्याने हसल्या, असे शेजारणीने सांगितले. इतकी वर्षे शेजारी राहून एवढे हसलेले आपण त्यांना ऐकले नव्हते, असेही ती म्हणाली, पण कार्डात काय होते ते तिला ठाऊक नव्हते.

शाळा १२ जूनला उघडली. सेवापुस्तकातली ‘सौ.’ ही नोंद लाल शाईने खोडून तिथे ‘श्रीमती’ करण्यात आले. शाळेच्या चालकांनी लेखी समज दिली. ती बाईंनी सही करून घेतली. १९ जूनला खुलासा पोचल्याची पोच आली. प्रकरण विचाराधीन आहे, असे तीत म्हटले आहे.

२१ जूनला पुष्पावतीबाईंनी दिवाळीच्या सुटीला जोडून दोन आठवड्यांच्या रजेचा अर्ज दिला. ‘कारण’ या रकान्यात प्रवास. ‘रजेच्या काळातील पत्ता’ या रकान्यात सोगुत, बुर्सा, इझनिक, एदिर्ने अशी चार गावे, ज्या क्रमाने ती तुर्कांच्या राज्यात आली त्या क्रमाने. अर्ज मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आहे. त्यावर अद्याप सही झालेली नाही.